मंजुळाबाईच्या आठ मात्रा

कल्पना करा, तुम्हाला एक गाणं बांधायचं आहे. गिटार आहे, ड्रम आहे, शब्दही जमून आलेत. पण गाण्यातली सगळ्यात मोलाची जागा अशी, की तिथं काहीच वाजत नाही. आठ मात्रा. घड्याळात मोजाल तर जेमतेम चार सेकंद. धावतं गाणं एकाएकी थांबतं, आठ मात्रा कुणी हलत नाही, आणि मग एकटा आवाज येतो. सोपं वाटतं ना? न वाजवायला काय लागतं? आता हेच गाणं हिंगोलीत वाजवून बघा. जिथं पंखा थांबला, गिरणी थांबली, टीव्ही मुका झाला, की अख्खी गल्ली एका तोंडानं म्हणते, ‘गेली लाईट’. त्या लोकांना चार सेकंदांची शांतता ऐकवायची, आणि ती शांतता म्हणून ऐकवायची. शिवहारनं त्या कामात नऊ वर्षं घातली.

शिवहार मूळचा शिरड शहापूरजवळच्या एका वाडीचा. बाप सटवाजी, साठ-सत्तर मेंढरांचा धनी. आई सत्यभामाबाई लोकर कातायची, आणि त्या लोकरीची घोंगडी सटवाजी बाजारात नेऊन विकायचा. लहानपणी शिवहार कळपामागं चालायचा तेव्हा त्याच्या गळ्यात रेडिओ लोंबकळत असायचा. एकदा तो रेडिओ बंद पडला. पोरानं बाभळीखाली बसून उघडला, परत लावला, दोन स्क्रू हातात उरले आणि तरी रेडिओ वाजला. हे पोरगं मेंढरांत ठेवण्यात अर्थ नाही, हे त्या दिवशी घरात ठरलं. दहावीनंतर त्यानं हिंगोलीत आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला आणि बसस्टँडमागच्या एका दुरुस्तीच्या दुकानात बसू लागला.

गिटार त्याच दुकानात आली. कुणीतरी मान मोडलेली गिटार टाकून गेला होता, तो परत फिरकलाच नाही. शिवहारनं सरस लावून ती मान बसवली, जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधली कॉईल काढून तारांखाली चिकटवली आणि वायर भंगारातल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. आवाज पत्र्यावर गारा पडल्यासारखा आला. शिवहारला तो फार आवडला. शिकवणारं कुणी नव्हतं, तेव्हा कॅसेट मागंपुढं करून एकेक सूर तो बोटांनी शोधत बसला. वर्षभरात बऱ्यापैकी वाजवू लागला. स्वतःचं गाणं मात्र त्याला सुचत नव्हतं. जे सुचे ते कुठंतरी ऐकलेलं निघे.

मग सत्त्याण्णवचा दसरा आला. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला तालुका होता, पण दसऱ्याचं प्रदर्शन भरलं की रामलीला मैदानावर चार तालुक्यांची माणसं लोटायची. त्या वर्षी बाहेरगावचा एक ऑर्केस्ट्रा आला होता. दुपारी त्यांचा माणूस दुकानात धावत आला. माइकच्या वायरचा प्लग निखळला होता. शिवहार सामान घेऊन मैदानावर गेला. व्होल्टेज इतकं कमी होतं की सोल्डरिंग आयर्न तापायलाच तयार नव्हतं. कसाबसा कथलाचा डाग बसवून त्यानं वायर जोडली, ‘हॅलो, चेक’ म्हणून बघितलं, आवाज आला. त्या कामाच्या बदल्यात त्याला स्टेजच्या कडेला उभं राहायची परवानगी मिळाली.

कार्यक्रम पडलाच होता. चमचमत्या कपड्यांतली दोन पोरं गाऊन गेली, लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि निम्मे आकाशपाळण्याकडं वळले. तेवढ्यात मंजुळाबाई आल्या. पंचेचाळिशीच्या, अंगानं भरलेल्या, हिरवी साडी, तोंडात लवंग. स्टेजवर जायच्या आधी त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ड्रमवाल्याकडं दिला, जशी घरातली बाई पीठ मळायच्या आधी बांगड्या मागं सारते. गाणं धडाक्याचं होतं. दुसऱ्या कडव्यात ते ऐन रंगात आलं आणि बाईंनी हात वर केला.

सगळं थांबलं. ड्रम, बेंजो, कीबोर्ड, सगळं. बाईंनी मान खाली घातली. मैदानावर हजारो माणसं, पण भेळवाल्याचा उलथनं आपटण्याचा आवाजसुद्धा थांबला.  मग बाईंनी मान वर केली आणि नुसत्या आवाजात, कसल्याही साथीशिवाय, पुढची ओळ म्हटली. ड्रम कोसळला. आकाशपाळण्याच्या रांगेतली माणसं परत फिरली.

शिवहारला त्या दिवशी त्याचं गाणं मिळालं. त्यानं ते महिनाभरात बांधलं. सुरुवातीला गिटारची तीच गारांसारखी तड, मग ड्रम, मग शब्द:

बाई थांबली, थांबलं मैदान,
हात वर अन् श्वास गहाण…

इथं आठ मात्रा काही नाही. आणि मग एकट्या आवाजात, ‘आता बोल’.

पोराच्या गाण्यात बाई आली म्हटल्यावर सत्यभामाबाईंनी पोरगी कोणत्या गावची म्हणून चौकशी सुरू केली. पंचेचाळीस वर्षांची आहे, जाडी आहे आणि एकदाच लांबून बघितली आहे, असं शिवहारनं सांगितल्यावर त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. दुकानात पोरं ‘काय मिस्त्री, बाई थांबली का गेली?’ म्हणून छेडायची. खरा अर्थ कुणाला सांगायचा आणि कसा?

गाणं नीट ऐकलं ते एकट्या सटवाजीनं. शिवहार वाडीवर गिटार घेऊन गेला होता. म्हातारा खांबाला टेकून बिडी ओढत बसला होता, गिटारच्या आवाजानं त्याच्या कपाळावर आठी आली होती. थांबायची जागा आली आणि तो सरळ झाला. गाणं संपल्यावर म्हणाला, “तुजं गाणं थांबलं न् माजा हात काठीकडं गेला.”

“काहून?”

“कळपातल्या घंट्या वाजून राहिल्या तवर मी निजतो. थांबल्या का जाग येते. लांडगा दिसला म्हंजी मेंढरं जागच्या जागी उभी राहतात.”

शिवहारला वाटलं, झालं, ज्याला कळायचं त्याला कळतं. आता बाकीच्यांना ऐकवायचं. तिथून सगळी तकलीफ सुरू झाली.

ड्रमला त्यानं हिरासिंगला घेतलं. हिरासिंग जवळच्या तांड्यावरचा, लग्नाच्या बँड पार्टीत वाजवणारा. त्याचा हात असा की जनावरानंही मान डोलवावी. पण थांबायची जागा आली की त्याचे दोन्ही हात आपोआप पडायचे आणि आठच्या आठ मात्रा तडतडाटानं भरून जायच्या. शिवहारनं समजावून सांगितलं, कागदावर आठ रिकामे चौकोन काढून दाखवले, बोटांनी मोजून दाखवलं. हिरासिंग दर वेळी ‘बराबर’ म्हणायचा आणि दर वेळी भरायचा. शेवटी तोच वैतागला. “हात थांबत न्हाई रे शिवा. वरातीत बाजा थांबला का नवरदेवाचा मामा कॉलर धरतो.” वीस वर्षं न थांबायची सवय लागलेले हात ते. शिवहारनं सुतळीनं काड्या बांधून ठेवायचीही युक्ती केली. हिरासिंगनं पायानं भरलं.

नव्व्याण्णवच्या महाशिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेत दुपारी गाण्यांचा कार्यक्रम होता, तिथं शिवहारला एका गाण्याची वेळ मिळाली. त्या दिवशी हिरासिंगचे हात खरोखर थांबले. जत्रेच्या गर्दीनं तो इतका बुजला होता की पहिल्यांदाच त्यानं सांगितलेलं केलं. एक मात्रा गेली, दोन गेल्या. शिवहारला लोकांचे चेहरे थांबलेले दिसले. तिसऱ्या मात्रेला मागून कुणीतरी ओरडलं, “गेली लाईट.” आणि पाचव्या मात्रेला मुन्नानं जनरेटरचा दांडा ओढला.

मुन्ना म्हणजे मंडपवाला. स्पीकर, मांडव, जनरेटर, सगळं त्याचं. यात्रेत तो जनरेटर आधीच सुरू करून ठेवायचा आणि लाईटीवरून जनरेटरवर घेणाऱ्या चेंजओव्हरच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहायचा, आणि लाईट गेल्याचं लोकांना कळायच्या आत मी आणतो, अशी त्याची शेखी होती. भर दुपार, कुठं बल्ब पेटलेला नाही. आवाज थांबला म्हणजे लाईट गेली, एवढाच हिशेब. चालू लाईटीवरून त्यानं सगळा भार जनरेटरवर टाकला. जनरेटर रिकामा पळत होता, त्याचं व्होल्टेज चढलेलं होतं. अ‍ॅम्प्लिफायरमधून एक बारीक ‘टक’ आलं आणि फ्यूज गेला. शिवहार सगळ्या ताकदीनं ‘आता बोल’ म्हणाला, ते पहिल्या दोन रांगांपलीकडं गेलं नाही. लोक हसले. मुन्ना मात्र स्टेजच्या मागून अभिमानानं हात हलवत होता.

दोन हजार साली परभणीला एका छोट्या स्टुडिओत गाणं रेकॉर्ड करायचा योग आला. शिवहारनं दिवसभर वाजवलं, हिरासिंगला थांबायच्या जागेवर हात मांडीखाली घेऊन बसवलं. काम चोख झालं. आठ दिवसांनी कॅसेट हातात आली आणि तिच्यात शांतता नव्हती. ‘गहाण’ला चिकटून लगेच ‘आता बोल’. रेकॉर्डिंगवाल्यानं ब्लेडनं फीत कापून जोडली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं. मधेच आवाज गेला की गिऱ्हाईक कॅसेट काढतं, पेन्सिल घालून फिरवतं आणि फीत अडकली म्हणून दुकानात परत आणतं. तुमचं काम नीट करून दिलं, उलट आभार माना.

शिवहारनं कापलेला तुकडा मागितला. तो कचऱ्याच्या डब्यात होता, रेकॉर्डिंगवाल्यानं हसत काढून दिला. अडीच फूट फीत, जिच्यावर काहीच नव्हतं. ती एका पाकिटात घालून शिवहार एस.टी.नं हिंगोलीला परत आला. वाटेत त्याला वाटत होतं की आपल्या गाण्यात फक्त हेच चांगलं होतं आणि हेच लोकांनी बाहेर काढून आपल्या हातात दिलं. पाकीट त्यानं दुकानाच्या खालच्या खणात टाकलं.

पुढच्या वर्षांत हिंगोली जिल्हा म्हणून रुळली, शिवहारनं स्वतःचं दुकान टाकलं आणि आपले जुने खण सामानासकट तिथं आणले, कॅसेटी जाऊन सीडी आल्या. स्थानिक केबलवाल्यानं एकदा त्याच्या गाण्याचं चित्रण लावलं आणि नेमक्या त्या आठ मात्रांत साडीच्या दुकानाची जाहिरात टाकली, म्हणे जागा रिकामी होती. शिवहारनं त्या दिवशी वायर तोडायच्या इराद्यानं गल्लीतला केबलचा डबा उघडला आणि नुसताच परत लावला.

दोन हजार सहाच्या गणपतीत अखेर सगळं जुळून आलं. हिंगोलीतल्याच एका वसाहतीच्या गणेश मंडळानं त्याला बोलावलं. हिरासिंगनं एव्हाना बँड सोडला होता आणि त्याचे हात थांबायला शिकले होते. मुन्नाला शिवहारनं आधीच बजावलं, गाणं थांबेल, लाईट जाणार नाही, दांड्याला हात लावायचा नाही. सकाळी दोघं मिळून स्पीकर लावत होते. मुन्ना वायर गुंडाळत सहज म्हणाला, “उस्ताद, एक सांगू? त्या थांबायच्या पायी तू नऊ वरसं जीव जाळून राहिला. आरे, त्या दिवशी बाईचा माइक बंद पडला व्हता.”

शिवहारला आधी कळलंच नाही, कोणता दिवस.

“दसऱ्याचा. मी मिक्सरपाशी बसेल होतो ना. तुझाच डाग सुटला असंल.”

“मग सगळे वाजवणारे एकदम कसे थांबले?” शिवहार म्हणाला.

“बाईनं हात वर केला म्हणून. आन् हात काहून वर केला?”

मुन्नाच्या मनात काही वाईट नव्हतं. तो पुढचा स्पीकर उचलायला गेलासुद्धा. शिवहार तिथंच खुर्च्यांच्या ढिगाला टेकून उभा राहिला. कमी व्होल्टेज, न तापलेलं सोल्डरिंग, हे त्याला लख्ख आठवलं. आणि आणखी एक गोष्ट आठवली, जी नऊ वर्षांत कधी आठवली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्केस्ट्राचा माणूस परत आला होता. प्लग खरखरतोय, बदलून द्या म्हणाला होता. शिवहारनं नवा प्लग लावून दिला होता आणि जुना खणात टाकला होता.

दुपारी त्यानं दुकान उघडून खण उपसला. तळाशी, त्या फितीच्या पाकिटाखाली, प्लग सापडला. भिंगातून बघितला. डाग चकचकीत नव्हता, राखाडी, मळकट होता, आणि तारेभोवती केसाएवढी भेग होती. म्हणजे डाग कच्चाच बसला होता. पण भेग कधी पडली? त्या दिवशी, का नऊ वर्षं पक्कड-स्क्रूड्रायव्हरच्या खाली दबून? तार जुळलेली असली की वाजणारा मीटर त्यानं लावला. मीटर वाजला. तार जरा हलवली, गप्प झाला. परत हलवली, वाजला.

संध्याकाळी कार्यक्रम झाला. पहिलं कडवं, दुसरं कडवं. ‘श्वास गहाण’ म्हणून शिवहारनं हात वर केला. हिरासिंग थांबला. मुन्ना जनरेटरपासून चार पावलं दूर, हाताची घडी घालून उभा होता. मांडवात शांतता पसरली. कुणी ‘गेली’ म्हणालं नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं बिडी तोंडाशी नेता नेता हात तसाच धरला. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर उभं होतं, आणि त्यातली तिसरी मात्रा गेली, चौथी गेली, आणि शिवहारची मान खाली गेली. त्यानं माइककडं बघितलं. पाचव्या मात्रेला त्याच्या बोटानं माइकवर टिचकी मारली.

“हॅलो,” तो म्हणाला. “चेक.”

स्पीकरमधून ते स्वच्छ, खणखणीत आलं. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही, स्टेजवरची माणसं तसं म्हणतच असतात. ‘आता बोल’ झालं, टाळ्याही पडल्या. हिरासिंग मात्र ड्रमवरून उठून आला, काड्या शिवहारच्या हातात ठेवल्या आणि म्हणाला, “मला नऊ वरसं शिव्या घातल्या ना तू.”

त्यानंतर शिवहारनं ते गाणं वाजवलेलं नाही. बाईंची थांबण्याची अदा बघून त्यानं गाणं बांधलं होतं. ती अदाच नसेल, तर त्यानं नऊ वर्षं जपला तो स्वतःचाच कच्चा डाग. आणि बाईंनी बंद माइक हातात धरून, हजारो लोकांसमोर, न गडबडता आवाज लावला असेल, तर ती गोष्ट वेगळीच, कदाचित मोठी. पण त्याच्या गाण्यात ती कुठंच नव्हती. तो त्या संध्याकाळची उजळणी करत राहिला. थांबल्यानंतरची ओळ त्यानं ऐकली होती हे नक्की. पण ती स्पीकरमधून आली होती की थेट बाईंच्या गळ्यातून? तो स्टेजच्या कडेला, दहा हातांवर होता. तिथून दोन्ही सारखंच ऐकू येणार.

मग त्याला आठवलं, त्या दिवशी बाप मैदानाच्या पार टोकाला, भिंतीपाशी घोंगडी विकायला घेऊन बसला होता. माइक बंद असता तर तिथं आवाज पोचला नसता. तो वाडीवर गेला. सटवाजी आता थकला होता, मेंढरं वीसवर आली होती. शिवहारनं बारकाईनं विचारलं. 

“आलं की ऐकू,” तो म्हणाला. शिवहार समाधानानं उठायला लागला, तोच म्हातारा पुढं म्हणाला, “पर मला काय विचारतू बाबा. मला मेंढरू खोकललं तरी माळाच्या पल्याडून ऐकू येतंय.”

ऑर्केस्ट्रा केव्हाच मोडला होता. चौकशी करत करत शिवहारला वाशीमच्या एका बेंजोवाल्याचा पत्ता लागला, त्याच्याकडून मंजुळाबाईंच्या भाच्याचा नंबर मिळाला. भाच्यानं सांगितलं की मामी लेकीकडं असते, कानानं ऐकू येईनासं झालंय, फोनवर काही उपयोग नाही, पत्र पाठवा, लेक वाचून दाखवील. शिवहारनं पत्र लिहायला घेतलं. पहिल्या वेळी दोन पानं झाली, त्यात गाणं, हिरासिंग, औंढा, परभणीची अडीच फूट फीत, सगळं आलं. वाचून बघितलं तर अर्ज केल्यासारखं वाटलं, फाडलं. दुसऱ्या वेळी नुसती स्तुती झाली. तेही फाडलं. शेवटी त्यानं पोस्टकार्ड आणलं. वर स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता, आणि सत्त्याण्णव सालचा हिंगोलीचा दसरा आठवत असेल तर एवढंच सांगा, असं लिहून खाली एकच ओळ लिहिली.

कार्ड टाकून आता दोन वर्षं होत आली. टपालवाला दुकानासमोरून सायकल नेताना आपण होऊन मान हलवतो, नाही म्हणून. प्लग आणि फितीचं पाकीट वरच्या खणात आलंय. काम नसलं की शिवहार मीटर काढतो, तार हलवतो, ऐकतो, आणि ती ओळ पुन्हा मनात म्हणतो: बाई, त्या दिवशी तुमी थांबल्या होत्या, का माझा डाग सुटला होता?